लोखंडाच्या गावातलं कपाट



मी कळंबोलीचा. पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग सुरू होतो ते आमचं गाव. पण ओळख विचाराल तर लोखंड बाजार. मुंबईच्या कर्नाक बंदराकडचा बाजार इकडे आला आणि त्याच्यामागून आमच्यासारखी माणसं सिडकोच्या घरांत राहायला आली. माझी सगळी नोकरी तिथल्या एका गाळ्यावर माल मोजण्यात आणि गाड्या भरून देण्यात गेली. पत्र्याची कॉइल ट्रेलरवर ठेवली की तिच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे, ठोकळ्यांखाली पाचर, वरून साखळ्या. एवढं झालं की मुकादम साखळीवर पाय देऊन सगळा भार टाकून बघायचा. साखळी कुरकुरली तर गाडी जाग्यावर.

असा तीस वर्षं बांधाबांध करणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात पाच खणांचं कपाट भिंतीला नुसतं टेकवून ठेवलेलं होतं. पुढच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, कारण लादी तिथे जरा बसलीय.

हे कपाट आणलं नातीसाठी. ती साडेतीन वर्षांची. सूनबाई म्हणाली, बाबा, तिला तिची खोली करून देऊ या. आता आमच्या घरात खोली म्हणजे काय, तर आतली जी एक खोली आहे तिचा खिडकीकडचा अर्धा भाग. पण पोरीला कोण कौतुक! गुलाबी खण, ढगाच्या आकाराच्या मुठी. मीही दुकानात रंग बघितला, खण सरकवून बघितले आणि पैसे दिले. ते ढकलून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी आतून आवाज आला. जाऊन बघतो तर कपाट पुढे कललेलं आणि वरची कड पलंगाच्या काठावर अडकलेली. खालचे तीन खण बाहेर, एकाखाली एक, जिन्यासारखे. आणि त्या तिरक्या फटीत, पलंगाच्या आडोशाला, नात उकिडवी बसलेली. हातात तिची बाहुली, जी मीच कपाटावर ठेवली होती. रडतसुद्धा नव्हती. मला म्हणाली, आजोबा, ते खाली आलं.

पलंग फूटभर लांब असता तर आज मी तुमच्याशी बोलायला आलो नसतो.

रात्री झोप लागेना, तेव्हा मी गाडीचा हिशेब करतात तसा त्या कपाटाचा हिशेब केला. खण बंद असतात तेव्हा सगळं वजन मागे असतं, भिंतीकडे. एकेक खण बाहेर आला की त्यातले कपडे पुढच्या पायांच्याही पुढे येतात. तीन खण उघडले की कपाट आधीच पुढे झुकायला बघतं. त्यात चौदा किलोचं पोर उघड्या खणाच्या तोंडावर उभं राहिलं की पुढचे पाय झाले टेकू, पोर झालं तरफेचं टोक. मोकळं कपाट पोरापेक्षा दुप्पट जड असलं तरी उपयोग नाही. पहारीने दगड उचलणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मला मात्र सांगावं लागलं.

हा काही माझ्याच घरचा प्रकार नाही. २०१६ साली अमेरिकेत आयकिया कंपनीला अशी दोन कोटी नव्वद लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली, कारण ती अंगावर पडून मुलं दगावली होती. त्यानंतर २०२२च्या डिसेंबरात तिथे कायदाच झाला. खण उघडे, त्यांत वजन, खाली गालिचा आणि साठ पौंडांपर्यंतचं, म्हणजे सत्तावीस किलोपर्यंतचं मूल लोंबकळतंय, अशा अवस्थेत कपाट उभं राहिलं पाहिजे. तीच आयकिया २०२०च्या डिसेंबरपासून इथे तुर्भ्याला आहे. रविवारी कळंबोलीतली निम्मी माणसं सायन-पनवेल हायवेने तिकडे दिसतात. अशा तयार फर्निचरच्या खोक्यात भिंतीला बांधायची पट्टी आणि स्क्रूची पुडी बऱ्याचदा असते. ती पुडी कुठे जाते? खालच्या खणात, जुन्या चाव्यांशेजारी. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने कपाटं, पलंग, बंक बेड यांची मानकं केली आहेत. कपाटाचं आयएस १७६३४, बंक बेडचं १७६३६. दुकानदाराला नंबर विचारा. तो गोंधळला तरी विचारा.

आणि घ्यायच्या आधी दुकानातच एक करा. सगळे खण बाहेर ओढा आणि वरच्या खणाच्या तोंडावर तळहात ठेवून हळूहळू भार द्या, आमचा मुकादम पाय द्यायचा तसा. मागचे पाय उचलले, तर ते कपाट बांधल्याशिवाय लहान मुलाच्या खोलीत ठेवायचं नाही. दुकानदार ओरडेल. ओरडू दे.

आता कोणी म्हणेल, आमचं जुनं लोखंडी कपाट बरं, ते कुठे पडतंय. खोल असतं, जड असतं, खरं आहे. पण दोन्ही दारं उघडून पोर मुठीला लटकलं की तेही पुढे येतं, आणि ते आलं तर गुलाबी कपाटापेक्षा फार वाईट येतं.

बांधायचं कसं, तर आमच्या शेजारच्या सुतारमामांनी दाखवलं तसं सांगतो. एल पट्टी कपाटाच्या पाठीला मारायची नाही. पाठीची फळी जेमतेम एक-दोन सूत, स्क्रूसकट उपटून येते. पट्टी बसवायची ती माथ्याच्या नाहीतर बाजूच्या जाड फळीला, सहा सुतांच्या. भिंतीत भोक पाडताना आधी पांढरी भुकटी येते, ते प्लास्टर. त्यात गिट्टी ठोकून उपयोग नाही. लाल भुकटी यायला लागली की समजायचं वीट लागली, तिथून पुढे आत जायचं. आणि जड सामान खालच्या खणांत. आम्ही शहाण्यांनी जुने अल्बम आणि इस्त्री वरच्या खणात ठेवली होती.

सुतारमामांनी आणखी एक सांगितलं, ते मला पटलं. भुशाच्या फळीचं फर्निचर कळंबोलीच्या पावसाळ्यात फुगतं. चार महिने भिंती ओल्या, हवा ओली. फळी फुगली की बिजागरीचा स्क्रू सैल होतो, दार लोंबतं. म्हणजे जूनमध्ये पक्कं असलेलं कपाट दिवाळीला पक्कं असेलच असं नाही. दिवाळीची साफसफाई करता तेव्हा हातात स्क्रू ड्रायव्हरही असू द्या. आणि नव्या फळीचा तो डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा. वास आहे तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलाला दुसरीकडे झोपवा. फळीच्या कापलेल्या कडा पट्टी लावून बंद केल्यात ना, तेही बघा, वास तिथूनच जास्त सुटतो.

पलंगाचं थोडक्यात सांगतो. आपल्या लहान घरांत बॉक्सचा पलंग लागतोच, गाद्या आणि जास्तीची भांडी ठेवायची कुठे? पण त्या बॉक्सचं झाकण उचलून धरणारा गॅसचा दांडा काही वर्षांत दमतो, आणि झाकण बोटांवर येतं. लपाछपी खेळताना पोर आत जाऊन बसलं आणि झाकण पडलं तर त्याला ते आतून उचलत नाही. बॉक्सला बाहेरून कडी लावून घ्या, मुलाच्या हाताला न येणारी. मुलाचा पलंग खिडकीखाली नको. आपल्याकडे बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये कुंड्या असतात, बादली असते, आणि पलंगावरून ग्रिलमध्ये जायला पोराला एकच पाऊल लागतं. बंक बेड घेणार असाल तर वरच्या मजल्यावर सहा वर्षांच्या आतलं मूल नको. आणि मूल वर उभं राहून हात वर करील तेव्हा तो पंख्याला लागणार नाही ना, हे आधी मोजा.  

मामाकडून आलेला जुना लाकडी पाळणा असेल तर त्याच्या गजांत चार बोटं सरळ घालून बघा. जात असतील तर अंतर जास्त आहे. सहा सेंटीमीटरच्या वर नको, नाहीतर अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं. पाळण्यावर जुना रंग असेल तर तो घरात घासू नका. रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात काय असेल याची खात्री कोण देणार, आणि दात येणारं पोर पाळण्याची कड चावतंच.

आमचं कपाट शेवटी बांधलं. पहिलं भोक वाया गेलं, मूठभर प्लास्टर गळून पलंगावर पडलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला वर आल्या, दुपारच्या वेळी हे काय चाललंय? त्यांना दाखवलं. त्या बराच वेळ कपाटाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, मशीन तुमचं आहे का?

मशीन माझं नव्हतं, सुतारमामांचं होतं. वहिनींकडचं काम झाल्यावर ते सूनबाईच्या माहेरी कामोठ्याला गेलं. मामा मला रोज विचारतात. मी रोज उद्या म्हणतो.