इवाशिनाची शाळा आणि आमची बाके
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशगमन करून आलेल्या माणसाने चार शब्द बोलावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म खेड्यातील प्राथमिक शाळेत काढलेले शिक्षक. चिरंजीव नोकरीनिमित्त जपानात असल्यामुळे गतवर्षी कार्तिक महिन्यात आम्हांस तो देश पाहण्याचा योग आला. तेथील उंच इमारती आणि वेगवान आगगाड्या यांचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले असेल. आम्ही आज एका जुन्या शाळेविषयी बोलणार आहोत. आणि त्या निमित्ताने आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आपल्यापुढे देणार आहोत.

तोक्योच्या नैर्ऋत्येस इझु नावाचे डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या टोकाजवळ शिमोदा हे बंदर आहे. १८५४ साली अमेरिकनांशी झालेल्या तहान्वये परक्या गलबतांस जी बंदरे प्रथम खुली झाली, त्यांपैकी हे एक. तेथे आगगाडीतून उतरून मोटारीने डोंगर ओलांडला की पश्चिम किनाऱ्यावरचे मात्सुझाकी गाव लागते. तेथून थोडे आत, भातखाचरांच्या कडेला, इवाशिना नावाची वस्ती आहे. आम्ही गेलो तेव्हा कापणी उरकून गेली होती आणि आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील काकी नावाची केशरी फळे झाडांवर लगडली होती. या इवाशिनात १८८० साली बांधलेली शाळा उभी आहे. आज तेथे वर्ग भरत नाहीत. त्या शाळेचेच संग्रहालय झाले आहे. १९७५ साली जपान सरकारने ही वास्तू महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जाहीर केली.

इमारत दुमजली आहे. खालच्या भिंतींवर करड्या चौकोनी कौलफरशा तिरप्या बसवून त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे गोलसर उंचवटे काढलेले आहेत. आग आणि खारा वारा यांपासून रक्षण व्हावे म्हणून ही त्या किनाऱ्याची जुनी रीत. दर्शनी भागी मात्र विलायती धर्तीचा सज्जा आणि कमानी आहेत. दाराशी पादत्राणे काढून आत गेलो, आणि पायाखालची फळी करकरली, तेव्हा आमच्या मनात आले की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे.

या शाळेची हकिकत ऐकण्याजोगी आहे. जपानात १८७२ साली शिक्षणाचा कायदा झाला आणि गावोगावी शाळा काढण्याचा हुकूम सुटला. परंतु शाळेची फी पालकांनीच भरायची होती, आणि शेतावर राबणारे दोन लहान हात घरातून जायचे होते. लोक संतापले. १८७३ साली काही प्रांतांत दंगे होऊन शाळा जाळल्या गेल्या. त्या वर्षी शाळेच्या वयाच्या मुलांपैकी सुमारे २८ टक्केच मुले शाळेत जात होती. मुलींचे प्रमाण तर याहून कितीतरी कमी होते. पुढे १९०० साली प्राथमिक शाळांतील फी सर्वसाधारणपणे बंद झाली आणि १९०२ साली हेच प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. हे अंतर अवघ्या तीस वर्षांत त्या राष्ट्राने कापले. अशा त्या आरंभीच्या कठीण काळात इवाशिनाच्या लोकांनी ही शाळा उभारली. एकूण खर्च सुमारे २,६३० येन आला. त्यातील चार दशांशांहून अधिक रक्कम गावकऱ्यांनी वर्गणीने उभी केली.

आता ज्यासाठी आम्ही हे सारे सांगत आहोत, तो भाग ऐकावा. ही शाळा बांधणारे सुतार त्याच परिसरातील होते. त्यांची नावे किकुची उशितारो आणि ताकागी क्युगोरो. वरच्या मजल्यावर चटयांची एक खोली आहे. तिच्या भिंतीवर इरिए चोहाची नावाच्या गवंड्याने गिलाव्यातून १३८ करकोचे घडविले आहेत. एकासारखा दुसरा नाही. कोनाड्याची भिंत लाल आहे; तो उगवता सूर्य, आणि सारे पक्षी त्याच्या दिशेने निघाले आहेत. चोहाची १८१५ साली मात्सुझाकीतच एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला, बाराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली लागला, पुढे राजधानीत जाऊन चित्रकला शिकला, आणि करणीने चित्रे काढू लागला. हे करकोचे घडविले तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. आज त्याच्या नावाचे वेगळे संग्रहालय त्या गावात आहे. शाळेच्या नावाची पाटी त्या काळचे मुख्य मंत्री सान्जो सानेतोमी यांच्या हस्ताक्षरातील आहे. परंतु बंधूंनो, त्या शाळेच्या इतिहासात मंत्र्याचे नाव येते, तसे गवंड्याचेही येते आणि सुतारांचेही येते. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वासे कोणी चढविले हे ते गाव विसरलेले नाही.

सूनबाई तेथील भाषा जाणतात; त्या हे सारे आम्हांस मराठीत समजावून सांगत होत्या. आमची नऊ वर्षांची नात हात धरून चालली होती. एका वर्गात ती थांबली आणि म्हणाली, “आजोबा, तुमच्या शाळेतली बाकं तुमच्या आजोबांनी केली होती ना? ती कुठं आहेत?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज येथे देतो.

ज्या शाळेत आम्ही शिकलो, त्याच शाळेत पुढे आम्ही मुख्याध्यापक झालो. तेथील २४ सागवानी बाके आमच्या आजोबांनी घडविली होती. त्यांत खिळा म्हणून नव्हता. सारे काम कुसाचे आणि भोकाचे. ते निरक्षर होते, परंतु आकडे त्यांना येत. प्रत्येक बाकाच्या खालच्या अंगास त्यांनी पटाशीने क्रमांक कोरला होता. आम्ही मुलगा असताना १७ क्रमांकाच्या बाकावर बसत असू. १९९६ साली शाळेस लोखंडी बाके मिळाली. जुनी बाके व्हरांड्यात अडगळ होऊन पडली. आम्ही रीतसर ठराव करून, डेडस्टॉक रजिस्टरात ती कमी करून, वखारवाल्यास वजनावर विकली. आलेल्या पैशांत शाळेला चुना लावला. तपासणीत कोणीही शेरा मारला नाही. काम नियमानुसार झाले होते. त्या दिवशी आमच्या आजोबांच्या हातची शेवटची वस्तू सरपणात गेली, आणि तिच्या पावतीवर सही आमची होती.

खरे सांगावयाचे तर आम्हांस त्या वेळी वाईटही वाटले नाही. किंबहुना थोडे बरेच वाटले. वाकस आणि रंधा यांपासून सुटण्यासाठीच आम्ही शिकलो, असे आम्ही मानीत होतो. आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा भाव असेल. आणि तो अगदीच चूक आहे, असे आम्ही म्हणत नाही. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, ही सक्ती गेली हे उत्तमच झाले. त्या मागे कोणीही जाऊ नये. परंतु किकुची आणि ताकागी यांनी काय केले ते पाहा. पुढच्या पिढीपुढे दुसऱ्या वाटा खुल्या करणारी वास्तू त्यांनी आपल्या हाताने उभी केली. आमच्या आजोबांनीही तेच केले होते. त्यांच्या बाकावर बसूनच आम्ही त्यांच्या धंद्यातून बाहेर पडलो. धंदा सोडणे आणि नाव पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही त्या एक मानल्या.

कोणी म्हणेल, जपान श्रीमंत देश, त्यांना हे शोभते. पण तेथेही सर्व काही जपले गेलेले नाही. मुलांची संख्या घटल्यामुळे २००२ सालापासून तेथे आठ हजारांहून अधिक सार्वजनिक शाळा बंद झाल्या आहेत. सगळ्यांचीच संग्रहालये झाली नाहीत, होणारही नाहीत. जेथे गावाला आठवण ठेवावीशी वाटली, तेथे ती राहिली. नाव लिहून ठेवण्यास तर इमारतही लागत नाही. एक वही पुरते.

म्हणून या सभेपुढे आमची विनंती एवढीच आहे. संस्थेने अशी एक वही घालावी. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणता वाडा, कोणते देऊळ, कोणती शाळा, कोणता रथ घडविला, ते आठवेल तेवढे तीत लिहावे. खात्री नसेल तेथे तसे नमूद करावे; खोटा मोठेपणा नको. आणि केवळ आपल्याच ज्ञातीची नावे लिहून थांबू नये. वाड्याचा पाया वडारांनी खणला, भिंती गवंड्यांनी चढविल्या, कड्या-कोयंडे लोहारांनी घडविले. त्यांची नावे ठाऊक असतील तर तीही शेजारीच लिहावीत. इवाशिनात सुतार आणि गवंडी एकाच छपराखाली आहेत, हे आपण विसरू नये. दर वर्षीच्या स्मरणिकेत या वहीतील दोन पाने छापली गेली, तर जाहिरातींच्या पानांइतकीच ती वाचली जातील, असा आमचा विश्वास आहे.

बाके परत येणार नाहीत. घरी आजोबांची एक पटाशी मात्र राहिली होती. तिचा दांडा त्यांच्या मुठीने झिजलेला आहे. ती आम्ही आज सोबत आणली आहे. तिच्याभोवती गुंडाळलेल्या कागदावर त्यांचे नाव, गावाचे नाव आणि ‘शाळेची २४ बाके’ एवढेच लिहिले आहे. ही पटाशी अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो. ते नाव त्यांनी सभेस मोठ्याने वाचून दाखवावे आणि वहीतील पहिली नोंद तीच करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.