दोष पावसाचा की माणसाचा?



घाटात ट्रक उलटला की आपण म्हणतो, "पावसानं घात केला." नेहमीच हे खरं असतं का?

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्रीला महापूर आला. इंग्रजांच्या वेळचा पूल वाहून गेला. राजापूर आणि जयगडहून मुंबईला निघालेल्या दोन एस.टी. गाड्या काळोखात नदीत गेल्या. पायाखालचा रस्ताच नाहीसा झाला, तिथं चालकाला दोष कसा द्यावा?

परशुराम घाटाची गोष्ट निराळी. धुकं समोर दिसतं. ओल्या रस्त्यावर भरलेला ट्रक लवकर थांबत नाही, हे ट्रकवाल्याला ठाऊक असतं. तरी तो वेगानं उतरला, तर दोष त्याचाच. "आज रात्रीच माल पोचव," म्हणणाऱ्या मालकालाही आम्ही निर्दोष म्हणणार नाही.

अपघात झालाच, तर चालकानं जखमीला दवाखान्यात न्यावं, पोलिसांना कळवावं. कायदाच तसा आहे. आपणही त्याला मारू नये. माराच्या भीतीनं तो पळतो आणि जखमी रस्त्यावर तडफडत राहतो.

आपला मुलगा ट्रकवर असेल, तर त्याला सांगा, "पाऊस फार असला तर गाडी बाजूला घे. उशीर झाला तरी चालेल, पण घरी ये."