भारतमातेच्या चित्रातली बाई

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. झेंडा ज्यांच्या हाती लागेल, त्यांची सरशी. या प्रथेमागची दंतकथा येथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. एका काठचा मुलगा दुसऱ्या काठच्या मुलीला घेऊन निघाला, नदीच्या मध्यावर गाठला गेला आणि दोन्ही गावांनी दगड उचलले. कथेत दोन गावे आहेत, त्यांचा मान आहे, दगड आहेत, झेंडा आहे. मुलीला मात्र नाव नाही. नदीच्या मध्यावर उभी असताना तिला काय वाटत होते, हे कथेने कधी विचारलेले नाही.

आजचा विषय वरकरणी या नदीपासून दूरचा, चित्रदालनातला आहे. परंतु प्रश्न तोच आहे. समाज आपल्या मानाचे चिन्ह म्हणून स्त्रीची प्रतिमा उभी करतो, तेव्हा त्या प्रतिमेतल्या बाईचे म्हणणे काय असते?

भारतमातेचे सर्वांत प्रसिद्ध चित्र अवनींद्रनाथ ठाकूरांनी १९०५ साली, वंगभंगाच्या काळात काढले. भगव्या वस्त्रातली, चार हातांची ती शांत स्त्री. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र. शस्त्र एकही नाही. पुढे दिनदर्शिकांच्या छापील चित्रांनी तिला मुकुट दिला, सिंह दिला, देशाच्या नकाशावर उभे केले. त्याआधीच राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचवल्या होत्या. या चित्रांना हसण्याचे कारण नाही. लाठ्या खाणाऱ्या साध्या माणसांना त्यांनी बळ दिले. मात्र ही रूपे बहुतांशी पुरुषांनी रेखाटली होती, आणि त्यांतली माता कधी थकत नाही, रागावत नाही, तिला स्वतःचे घर नाही.

१९८७ साली भोपाळच्या भारत भवनात एक प्रदर्शन सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तरी पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाची नजर नागपूरकडेच राहिली. म्हणून आपल्याच राज्यातल्या या घटनेची विशेष आठवण करून द्यावीशी वाटते. प्रदर्शनाचे नाव होते ‘थ्रू द लुकिंग ग्लास’, म्हणजे आरशातून पलीकडे. नलिनी मलानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंह आणि माधवी पारेख या चौघींची चित्रे त्यात होती. मलानींचा जन्म १९४६ साली कराचीचा. फाळणीत कुटुंब इकडे आले. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी केवळ स्त्रियांनी चालवलेले एक चित्रदालन पाहिले आणि असे काही इकडेही व्हावे, ही इच्छा घेऊन त्या परतल्या. अनेक जणींचे मोठे प्रदर्शन भरवण्याचा बेत होता, तो जमला नाही. अखेर चौघी उरल्या. मोठ्या तैलचित्रांचा थाट बाजूस ठेवून त्यांनी जलरंग जवळ केले आणि पुढील दोन वर्षांत हे प्रदर्शन इतर शहरांतही नेले.

त्यांच्या विषयांत अंगण, अंथरूण, आई-मुलगी आणि रस्त्यावरची गर्दी होती. नीलिमा शेख यांनी १९८४ साली केलेली ‘चंपा मोठी झाली तेव्हा’ ही बारा लहान चित्रांची मालिका आठवावी. त्यांच्या ओळखीतली एक मुलगी. खेळणे, लग्न, सासर आणि शेवटी जाळ. पोथीतल्या चित्रांसारखी नाजूक रेषा, आणि गोष्ट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची. देशाला माता म्हणणाऱ्या घरात सून जाळली जाते, हे वाक्य चित्रात कोठेही लिहिलेले नाही. ते पाहणाऱ्याच्या मनात उमटते.

राष्ट्र हा शब्द उघडपणे घेतला तो रुम्माना हुसेन यांनी. डिसेंबर १९९२ पर्यंत त्या चित्रे रंगवीत होत्या. अयोध्येतील मशीद पडली, मुंबई पेटली, आणि त्यानंतर त्यांच्या कलेची भाषाच बदलली. फुटलेली मातीची मडकी, गेरू, नीळ. १९९६ साली मुंबईच्या केमोल्ड दालनातील त्यांच्या प्रदर्शनाचे नावच मुळी ‘घर / राष्ट्र’ असे होते. कमानींची छायाचित्रे, उघडी तोंडे, मधोमध चिरलेली पपई. पपई पाहून गोंधळणाऱ्यास दोष देता येणार नाही. पण शब्दांमधली ती तिरकी रेघ पाहावी. ज्या बाईला स्वतःच्या नावामुळे स्वतःच्याच शहरात परके ठरवले जाते, तिच्यासाठी ती रेघ म्हणजे उंबरठा असते. १९९९ साली, पन्नाशीही न गाठता, रुम्माना गेल्या.

२००५ साली मलानींनी ‘मदर इंडिया’ याच नावाची कलाकृती केली. पाच पडद्यांवर हलणारी चित्रे, त्यांत फाळणी आणि २००२ चे गुजरात. फाळणीत दोन्ही बाजूंनी हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. १९४९ साली त्यांना परत आणण्याचा कायदा झाला. हेतू वाईट नव्हता. परंतु परत जायचे की नाही, हे त्या स्त्रीने ठरवावे, अशी सोय त्यात नव्हती. कित्येकींचे संसार पुन्हा एकदा मोडले. दोन देशांनी आपापला मान परत मिळवला. जाम नदीच्या काठी राहणाऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बंगळूरच्या पुष्पमाला यांनी आणखी एक वाट धरली. रविवर्म्यांच्या लक्ष्मीचा वेष करून त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मागचा पडदा रंगवलेला आहे, दागिने नाटकातले आहेत, हे लपवलेले नाही. काहींना ही थट्टा वाटते. वस्तुतः प्रतिमा किती कष्टाने ‘उभी करावी’ लागते, एवढेच तिथे दिसते. कमळावर तासभर उभे राहिले की पाय दुखणारच.

आता पुन्हा भारत भवनाकडे. १९८२ साली उद्घाटन झालेली ती वास्तू बांधली जात असताना तेथे मजुरीला आलेल्यांत झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावची भुरीबाई ही भिल्ल तरुणी होती. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला, गावाकडे भिंतीवर जे काढता ते कागदावर काढून दाखव, असे सांगितले. पिठोऱ्याचा घोडा रंगवण्याचा मान भिल्लांत पुरुषांचा. म्हणून तिने झाडे, जनावरे, मोर काढले, आणि पुढे शहरात पाहिलेली मोटार व विमानही. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात एक भिंत तिने रंगवली आहे. तिच्यावर देवीही नाही आणि नकाशाही नाही. पिटोलचे बालपण आहे, आणि मजुरीसाठी भोपाळला आलेली एक मुलगी आहे. त्या मुलीचे नाव भुरी.