भाषा अनेक का होतात?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी एका साध्या प्रश्नाकडे वळतो. माणसाचा कंठ सर्वत्र सारखा. मग जगात सुमारे सात हजार भाषा का?

उत्तरासाठी दूर जावयास नको. तेरेखोल गाव जमिनीने महाराष्ट्रातील रेडीला जोडलेले आहे. उरलेला गोवा नदीपलीकडे, केरीच्या बाजूस. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी येथील किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला. पुढे १९६१ पर्यंत दोन सत्तांमधील सीमा या जमिनीवर राहिली. बोलीने ती मानली नाही. प्रमाण मराठीत ‘मला’, मालवणीत ‘माका’, कोकणीत ‘म्हाका’. तसेच ‘माझा’, ‘माझो’, ‘म्हजो’. शेजारच्या गावाचे बोलणे सहज कळते. दूर जावे तसतसे ते अवघड होत जाते.

याचे कारण असे की, मूल भाषा ऐकून शिकते आणि प्रत्येक पिढी तीत नकळत थोडा फरक करते. रोज भेटणाऱ्यांचे फरक एकमेकांत मिसळतात. डोंगर, अरण्य, अंतर आड आले की ते वेगवेगळे साचत जातात. पापुआ न्यू गिनी या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत. शिवाय बोली ही आपलेपणाची खूण असते. माणसे ती हौसेने जपतात.

साचलेल्या फरकांना ‘बोली’ म्हणावे की ‘भाषा’, हे मात्र केवळ व्याकरण ठरवीत नाही. ग्रियर्सन यांच्या १९०५ च्या खंडात कोकणी ही मराठीची बोली म्हणून नोंदली गेली; १९९२ मध्ये ती स्वतंत्र भाषा म्हणून घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या काळात तोंडच्या शब्दांहून अधिक बदलली ती समाजाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी.

येथे एक कबुली देतो. उमेदीच्या काळात एका विद्यार्थ्याच्या निबंधातील ‘माका’ मी तांबड्या शाईने खोडून समासात ‘अशुद्ध’ असे लिहिले. नंतर तो मुलगा वर्गात क्वचितच बोलला. मी त्याचा शब्द सुधारला नव्हता. त्याच्या आईच्या बोलण्याला खोटे ठरविले होते. भाषा बहुधा अशाच मरतात. बोलणारे जिवंत असतात. पण ते लाजेने मुलांशी ती बोलेनासे होतात.

प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. पण ‘हे चूक’ असे न म्हणता ‘घरी असे, ग्रंथात असे’ म्हणावे. एवढी एक दुरुस्ती माझ्या त्या तांबड्या शाईला आज या व्यासपीठावरून करतो आणि आपली रजा घेतो.