लाल झाकण, केशरी झाकण आणि नागपूरचा उन्हाळा

आजचा भाग इन्सुलिनबद्दल आहे. घरी कुणीतरी रोज सुई घेतं, आई, आजोबा किंवा तुम्ही स्वतः, असं असेल तर शेवटपर्यंत ऐका.

मला टाइप वन डायबिटीस आहे, म्हणजे इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं. सुरुवातीला वाटायचं, सगळ्यात अवघड म्हणजे सुई टोचणं. खोटं! पेनची 4 मिलिमीटरची सुई मुंगी चावल्याइतकीही दुखत नाही. माझी फजिती झाली ती वेगळ्याच ठिकाणी.

एकदा पेनचं कार्ट्रिज मिळेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, तेच इन्सुलिन बाटलीत घे, तेवढेच युनिट. बाटली आणली, घरी जुन्या सिरिंज पडल्या होत्या, त्यातली एक घेतली. 20 च्या रेघेपर्यंत भरलं, टोचलं, झालं. दोन दिवस नुसती तहान, सारखं बाथरूम, शुगर खाली यायला तयार नाही. मग बाबांनी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून वाचली. बाटलीवर 40, सिरिंजवर 100.

आता हे नीट समजून घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 चं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. पेनमधलं बहुतेक 100 चं. 40 च्या सिरिंजला लाल झाकण असतं, 100 च्या सिरिंजला केशरी. मी 40 चं इन्सुलिन 100 च्या सिरिंजने घेतलं, त्यामुळे 20 च्या जागी अंगात गेले फक्त 8 युनिट. उलटं झालं असतं तर? 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरलं, तर जातील 50 युनिट. अडीच पट! यात माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून झाकणाचा रंग बघा आणि आकडाही वाचा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच ओढू नका.

आता टोचायची पद्धत. हात साबणाने धुवा. दुधी दिसणारं इन्सुलिन असेल तर तळहातांत हळूहळू दहा वेळा फिरवा, खळखळून हलवू नका. जे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं, ते गढूळ दिसलं तर वापरू नका. पेनला नवी सुई लावा, आधी 2 युनिट हवेत सोडा आणि टोकावर थेंब आला का बघा. पोटावर घेत असाल तर बेंबीपासून दोन बोटं लांब. बटण पूर्ण दाबून मनात दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. जागा चोळायची नाही.

आणि जागा रोज बदला, आधीच्या जागेपासून निदान एक बोट सोडून. तिथे दुखत नाही म्हणून आपण एकाच जागी टोचत राहतो. मग कातडीखाली गाठ होते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त.

आता आपला नागपूरचा विषय. मे महिना, नवतपा, पारा 45 च्या वर. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलं की वितळवूनही उपयोग नाही. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण 25 ते 30 डिग्रीच्या आत. नेमका आकडा खोक्यावरच्या माहितीत बघा. गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नका बाप्पा, ती भट्टी असते!

फ्रिज नाही किंवा लाइट गेली तर माठ कामाचा. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून माठात, सावलीत. कूलर जसा चालतो तसाच हा चालतो, पाणी उडतं आणि गारवा येतो. म्हणून कोरड्या मे महिन्यात छान, आणि जुलैच्या दमट हवेत कूलरसारखाच ढिला.

शुगर 70 च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन लावा. डोस आपल्या मनाने बदलायचा नाही आणि उपास आहे म्हणून बंदही करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं.

वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण लावा, वर लिहा. भरली की दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का ते विचारा. कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकली तर कचरागाडीवरच्या दादाच्या हातात घुसते.

आणि इन्सुलिन परवडत नाही म्हणून कुणी डोस चुकवत असेल, तर गप्प बसू नका. आपल्याच नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट गरीब घरातल्या टाइप वनच्या मुलांना मदत करतो.

आता हा भाग थांबवा, फ्रिज उघडा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का? जुळत नसेल तर आजच मेडिकलमधून बरोबर सिरिंज आणा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!