नाक चोंदलं, पण निदान झालं का?

जर्सी सिटीत वसंत आला की नाकं चोंदतात आणि आपण म्हणतो, "सायनस झालाय." पण नाक चोंदणं, चेहरा जड होणं, वास न येणं 12 आठवडे टिकलं, तर नुसत्या लक्षणांवर भागत नाही. डॉक्टर दुर्बिणीने पाहतात किंवा सीटी स्कॅन काढतात. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. इओसिनोफिल पेशी भरपूर असतील, तर पॉलिप पुन्हा वाढण्याचा संभव जास्त. बुरशी ऊतींत शिरलेली दिसली, तर उपचार तातडीचे. 2021 साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने हेच शिकवलं. तेव्हा गावाकडच्या आईबाबांना मधुमेह असेल आणि गाल बधिर, डोळा सुजलेला असेल, तर फोनवर "सर्दीच असेल" म्हणू नका. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.