व्हीएमला दिलेला शब्द



अध्यक्षीय भाषणात सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती आज बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे व्हीएमला, आपण जो प्रोसेसर देतो, त्यावर. मेमरी किती, डिस्क किती, यावर आपल्याकडे तासन् तास खल होतो. प्रोसेसरचे मॉडेल मात्र आपोआप जे आले तेच पुढे वर्षानुवर्षे चालू राहते. ही सवय मला धोक्याची वाटते.

फाब्रिस बेलार्ड यांचे व्हीएम चालवणारे क्यूएमू 2003 मध्ये आले, तेव्हा गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीमच्या, प्रत्येक इन्स्ट्रक्शनचे भाषांतर सॉफ्टवेअरच करत असे. पुढे इंटेल आणि एएमडी यांनी व्हर्च्युअलायझेशनची सोय चिपमध्येच केली, 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 बरोबर ती सोय वापरणारे केव्हीएम आले, आणि गेस्टचा बहुतेक कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर धावू लागला. सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनचे तसे नाही. इंटेलच्या चिपवर गेस्टने ती चालवली, की दर वेळी ताबा केव्हीएमकडे येतो. ‘तुला काय काय येते?’ हा गेस्टचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळते ते क्यूएमूने आधी भरून ठेवलेल्या तक्त्यातून.

हा तक्ता म्हणजे सातबारा आहे, कुंपण नव्हे. तक्त्यातून एन्क्रिप्शनच्या एईएस इन्स्ट्रक्शनचा फ्लॅग काढला, तरी खाली चिपला ती इन्स्ट्रक्शन येत असेल तर केव्हीएमखाली ती चालतेच. उलट, चिपला जे येत नाही ते तक्त्यात लिहून येणारे नाही. गेस्टमधली ऑपरेटिंग सिस्टीम, लायब्ररी, डेटाबेस, सगळे या नोंदीवर विश्वास ठेवून आपले मार्ग ठरवतात. म्हणून मी याला शब्द देणे म्हणतो.

आपण काहीच सांगितले नाही, तर एक्स86 वर क्यूएमू ‘क्यूएमू64’ नावाचे मॉडेल देते. कुठल्याही यंत्रावर चालावे म्हणून ते इतके साधे ठेवले आहे, की त्यात एईएसचीही नोंद नाही. महागडा सर्व्हर घ्यायचा आणि गेस्टला एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमध्ये करायला लावायचे, हा शुद्ध अपव्यय आहे. आता तर कामही अडते. आरएचईएल 9 ला एक्स86-64-व्ही2 ही पातळी लागते, म्हणजे साधारण नेहालेम पिढीचा प्रोसेसर. ती पातळी नसेल, तर ग्लिबसी ही मूळ लायब्ररी सुरुवातीलाच नकार देते आणि व्हीएम उभीच राहत नाही.

यावर अनेकांचा सोपा उपाय म्हणजे मॉडेलच्या जागी ‘होस्ट’ लिहिणे : खालच्या चिपला जे येते ते सगळे गेस्टला द्या. एकाच यंत्रावर राहणाऱ्या व्हीएमसाठी ते उत्तम आहे आणि मी स्वतः तेच सुचवेन. लाइव्ह मायग्रेशन आले, की मात्र हिशेब बदलतो. इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या होस्टवर एक सेवा सुरू होते. ग्लिबसी तक्ता पाहते : सातवे लीफ, ईबीएक्स रजिस्टर, बिट क्रमांक 5, म्हणजे एव्हीएक्स2 आहे. स्ट्रिंगची लांबी मोजण्यासाठी ती त्या जातीचे फंक्शन निवडते. ही निवड प्रोसेस सुरू होताना एकदाच होते. महिन्याभराने व्हीएम चालू असतानाच त्याआधीच्या आयव्ही ब्रिज पिढीच्या होस्टवर हलते, तिथे एव्हीएक्स2 नाही. पुढच्याच मोजणीला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येते आणि प्रोसेस मरते. लॉगमध्ये प्रोसेसरचे नावही नसते. ॲप्लिकेशन लिहिणारे बिचारे आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात. दोन्ही होस्टची चिप, मायक्रोकोड आणि कर्नल सारखे नसतील, तर मायग्रेशनच्या क्लस्टरमध्ये ‘होस्ट’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे सर्वांत जुन्या यंत्राच्या पिढीचे नाव लिहावे आणि त्यावर सगळ्या होस्टना येणारे फ्लॅग विचारपूर्वक जोडावेत.

नाव लिहिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. ऑगस्ट 2014 मध्ये हॅसवेलच्या टीएसएक्स या सोयीतला दोष जाहीर झाला आणि इंटेलने मायक्रोकोडने ती सोयच बंद केली. चिप तीच, बॉक्सवरचे नाव तेच, पण एचएलई आणि आरटीएम हे दोन फ्लॅग गेले. क्यूएमूला ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’ असे वेगळे मॉडेल द्यावे लागले. मायक्रोकोडचे अपडेट म्हणजे एका अर्थी प्रोसेसर बदलणेच, हे मला त्या प्रकरणाने पटवले.

जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले, तेव्हा प्रोसेसर मॉडेलच्या याच ओळीला सुरक्षेचे वजन आले. होस्ट दुरुस्त केला म्हणजे गेस्ट सुरक्षित झाला, असे नव्हते. स्पेक-कंट्रोलचा फ्लॅग गेस्टला दिसल्याशिवाय त्याच्या कर्नलला स्पेक्टरवरची इंटेलची दुरुस्ती वापरताच येत नव्हती. मेल्टडाउनच्या उपायाने जो वेग जातो तो बराचसा वाचवणारा पीसीआयडी हॅसवेलच्या मॉडेलमध्ये आधीपासून आहे. सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिजला तो हाताने जोडावा लागतो. आणि नवा फ्लॅग गेस्टच्या आतून रीबूट करून येत नाही. व्हीएम पूर्ण बंद करून क्यूएमूची प्रोसेस नव्याने सुरू करावी लागते.

मागितलेला फ्लॅग होस्टकडे नसेल, तर क्यूएमू एक इशारा छापते, तो फ्लॅग वगळते आणि व्हीएम सुरू करते. तो इशारा वाचतो कोण? ‘एन्फोर्स’ लिहिले, तर व्हीएम सुरूच होत नाही. रात्री दोन वाजता व्हीएम उठली नाही याचा त्रास मला मान्य आहे. दिलेला शब्द न पाळता ती उठली, हे मान्य नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपापल्या क्लस्टरचे मूळ मॉडेल कोणते, त्यावर कोणते फ्लॅग जोडले, कोणते काढले आणि का, हे तारखेसह कॉन्फिगरेशनच्या शेजारीच लिहून ठेवा, आणि दर मायक्रोकोड अपडेटनंतर ते पान पुन्हा तपासा. तुमच्यानंतर ही यंत्रे सांभाळणाऱ्याला ते पान लागणार आहे.